ब्लँकेटचा फोटो आणि हापशाचं पाणी

पोस्ट थोडी लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

डिसेंबर लागला की माझ्या मोबाईलवर वाटपाच्या प्रेस नोट सुरू होतात. ब्लँकेट वाटप, फराळ वाटप, वह्या वाटप. यंदाही पहिल्याच आठवड्यात एक आली. चाळीस ब्लँकेट. नोटमध्ये अकरा मान्यवरांची नावं, त्यांच्या पदांसकट. ज्यांना ब्लँकेट मिळालं त्यांच्यातलं एकही नाव नाही. फोटोत एक म्हातारी, तिच्या हातात ब्लँकेटचं एक टोक आणि दुसऱ्या टोकाला सहा हात.

त्याच संध्याकाळी आमच्या गावच्या चर्चमधल्या एका मावशींचा फोन आला. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. म्हणाल्या, "भाऊ, ती फोटोतली बाई आमच्या गुरुवारच्या घरांपैकी आहे. तिच्याकडे ब्लँकेटं तीन झाली. तिची श्रावणबाळची पेन्शन बंद पडलीये चार महिने, ते कुणी बघत नाही. त्याचं काही छापता येईल का?"

त्या फोनपासून डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. आपला जिल्हा, म्हणजे जुना अहमदनगर आणि आत्ताचा अहिल्यानगर, चर्चच्या सेवेचा इतिहास पाहायचा तर महाराष्ट्रातल्या मोजक्या जागांपैकी एक आहे. दोनशे वर्षं व्हायला आली. या काळात इथे धान्य वाटलं गेलं, शाळा निघाल्या, दवाखाने उभे राहिले, विहिरी खोदल्या गेल्या. त्यातलं काही टिकलं, काही विरून गेलं. काय टिकलं आणि का टिकलं, हे एकदा नीट मांडावं म्हणून बसलो. चर्चचं कौतुक करायला नाही आणि शिव्या द्यायलाही नाही. गरिबाच्या दारात जाण्याची पद्धत कुठली चांगली, एवढंच मला तपासायचंय.

अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली. नगरला त्यांचं ठाणं पडलं १८३१ मध्ये. शाळा निघाल्या, मुलींच्याही. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई पुढे नगरला आल्या आणि इथेच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण नगरला याच फरारबाईंकडे घेतलं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरलाच सुरू झालं. म्हणजे माझ्या धंद्याचा एक धागाही तिथपर्यंत जातो.

मग आले दुष्काळ. १८७६ ते ७८ चा, १८९६-९७ चा आणि त्यानंतर लगेच १८९९-१९०० चा, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात. सरकारी दुष्काळी कामं होतीच, पण आईबाप गेलेल्या पोरांचं काय करायचं याचं उत्तर सरकारकडे नव्हतं. मिशननं ती पोरं घेतली. त्यांना जेवू घातलं, लिहायला शिकवलं, सुतारकाम, विणकाम शिकवलं. त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढवलंही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही एकदम म्हणायला हवीत. एकच वाक्य म्हणणाऱ्यांच्या दोन टोळ्या आपल्याकडे आहेत, आणि त्या शंभर वर्षं एकमेकींशी भांडताहेत.

त्या काळात पूर्वाश्रमीचे महार आणि मांग समाजातले अनेक लोक ख्रिस्ती झाले. "पोटासाठी बाटले" हा टोमणा त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आजवर ऐकलाय. मला त्यावर एवढंच म्हणायचंय की ज्या गावानं त्यांना आपल्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्या गावाला त्यांच्या पोटाचा हिशोब मागण्याचा अधिकार नव्हता. पण मिशनच्या बाजूनंही हे मान्य करायला हवं की ताटाबरोबर धर्म आला की घेणाऱ्याच्या मनात आणि बघणाऱ्याच्या मनात एक शंका कायमची राहते. ती शंका आजही जिवंत आहे. पुढे माझ्याच चुकीची गोष्ट सांगणार आहे, तिथे ती पुन्हा भेटेल.

दुसरी अडचण पैशाची. मिशनचं सगळं काम परदेशातल्या मंडळींच्या वर्गणीवर चालायचं. शिक्षक पगारी, पाळक पगारी, प्रचारक पगारी. पैसा तिकडचा म्हणून निर्णयही तिकडचा. हे ज्यांना सगळ्यात जास्त खुपलं त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. कोकणातला हा ब्राह्मण कवी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला आणि नगरला येऊन राहिला. घरदार तुटलं, बायको काही वर्षं दुरावली. मग लक्ष्मीबाई आल्या. पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. ते वाचलं नसेल तर वाचा, मराठीतलं असं पुस्तक पुन्हा झालं नाही. त्या घरात पैसा कधी टिकला नाही आणि परकी पोरं कधी कमी झाली नाहीत. टिळक रस्त्यातून माणूस घरी आणायचे, लक्ष्मीबाई स्वयंपाकघरात बेरीज-वजाबाकी करायच्या. ही मदत कुठल्याच मंडळाच्या अहवालातली नव्हती, घरच्या पिठाच्या डब्यातली होती.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराशी संबंध तोडला. संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचं मंडळ काढलं. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे लोक चालणार होते. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यामुळे दरबार फार वाढला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न राहिला: पगार थांबला तर सेवा चालू राहील का?

नगरपासून फार लांब नाही, दौंडजवळ केडगाव आहे. हे पुणे जिल्ह्यातलं केडगाव, नगरच्या वेशीवरचं नव्हे, कारण आपल्याकडे कायम घोळ होतो. तिथे पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' उभारलं. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुली घेऊन आल्या. नंतर गुजरातेतल्या मुलीही आल्या. परदेशी पैसा इथेही होता, ते लपवायचं कारण नाही. पण काम कोणाच्या हातानं चालायचं? आधी आलेल्या मुली नंतर आलेल्यांना सांभाळायच्या. शेती त्याच करायच्या, विणकाम त्याच करायच्या. छापखानाही त्याच चालवायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. काल जी वाचवली गेली ती आज दुसरीला वाचवतेय. रमाबाई जाऊन शंभर वर्षं उलटली, मुक्ती आजही चालू आहे. मला वाटतं, ते यामुळेच.

आता थोडं मराठवाड्यात येऊ, कारण पुढची गोष्ट प्रत्येक खेड्यातल्या माणसाच्या हाताला माहीत आहे. हापसा.

जालन्याला स्कॉटलंडच्या मिशनचं काम जुनं. नारायण शेषाद्री नावाच्या मराठी पाळकानं एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल नावाचं अख्खं गाव वसवलं होतं, मुख्यतः मांग आणि महार कुटुंबांसाठी. त्याच जालन्यात १९६० च्या दशकाच्या शेवटी मिशनच्या लोकांनी कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं आणली. बोअर झाले, पाणी लागलं, पण वर बसवलेले पंप टिकेनात. ते बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव दांडा हाणायचं. महिना-दोन महिन्यांत पंप मोडायचा, आणि तो दुरुस्त करणारा माणूस गावात नसायचा. गाव परत डबक्याकडे.

मग जालन्याच्या वर्कशॉपमध्ये साध्या पोलादाचा, एकाच खिळीवर हलणाऱ्या दांड्याचा पंप बनला. तो जालना पंप. त्यावरून सोलापूरला मिशनच्याच विहिरींच्या कामात अजून सुधारून सोलापूर पंप बनला. युनिसेफनं तो उचलला, मद्रासच्या कारखान्यात त्याचं पक्कं रूप तयार झालं आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' जन्माला आला. आज आशिया-आफ्रिकेतल्या खेड्यांत लाखोंनी बसलेला हा हापसा. त्याचं मूळ जालना आणि सोलापूरच्या वर्कशॉपात आहे, हे आपल्याकडच्या किती पोरांना शाळेत सांगितलं जातं?

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही: बोअर पाडणं म्हणजे उद्घाटन. फोटो तिथे निघतो. हापसा चालू ठेवणं म्हणजे कुणीतरी पान्हा घेऊन दर महिन्याला जाणं. त्याचा फोटो नसतो. पुढे सरकारी आणि युनिसेफच्या योजनेतही गावातच हापशावर लक्ष ठेवणारा माणूस तयार करायची पद्धत आली, कारण बाहेरचा मेकॅनिक येईपर्यंत गाव तहानलेलं राहतं हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

हीच अक्कल माणसाच्या आरोग्याला लावली ती आपल्या जामखेडनं.

नेवासा तालुक्यात वडाळ्याला मिशनचा जुना दवाखाना आहे. १९६० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे तरुण जोडपं तिथे काम करत होतं. दोघं वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात शिकलेले, श्रद्धावान ख्रिस्ती. दवाखाना गच्च भरलेला असायचा. पण त्यांच्या लक्षात आलं की तीच तीच पोरं जुलाबानं परत येतात, त्याच त्याच बाया अडलेल्या अवस्थेत बैलगाडीतून येतात. आपण बरं करून पाठवतो, गाव पुन्हा आजारी करून पाठवतं. दवाखान्याच्या भिंतीच्या आत बसून हे थांबणार नाही.

ते अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये परत येऊन जामखेडला गेले. दुष्काळी तालुका, डॉक्टर यायला तयार नाहीत असा. तिथल्या पुढाऱ्यांशी आधी बोलले, लोकांनी बोलावल्यावर गेले. जुन्या जनावरांच्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झालं. थोड्याच दिवसांत १९७२ चा दुष्काळ आला. माझ्या आईच्या पिढीला विचारा, लाल मिलो आणि सुकडी आठवेल. जामखेडला चर्चच्या जगभरातल्या मदतीतून अन्न आलं, बोअरही आले. आणि इथे आरोळ्यांनी एक गोष्ट केली. बरेच हापसे मुद्दाम दलित वस्तीत बसवले. गावाला पाणी हवं असेल तर तिकडे जाऊन भरा. सुरुवातीला नाकं मुरडली. पण तहान जातीपेक्षा मोठी निघाली. त्यांनी व्याख्यान एकही दिलं नाही, फक्त हापसा कुठे बसवायचा ते ठरवलं.

पुढची गोष्ट अजून मोठी. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात. मग त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई द्या. गावांनी बाया दिल्या. बऱ्याच निरक्षर, काही विधवा, काही टाकलेल्या, अनेक दलित. दर आठवड्याला जामखेडला यायचं, एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं, शिकायचं आणि गावात परत जाऊन ते करायचं. जुलाब झाला की मीठ-साखरेचं पाणी, गरोदर बाईवर नजर, पोराचं वजन, सुरक्षित बाळंतपण. ही नोकरी नव्हती. सुरुवातीला किरकोळ मानधन, पुढे आपापला छोटा धंदा करून पोट भरायचं आणि गावाचं काम करायचं.

परिणाम? प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९७१ मध्ये या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पाच वर्षांत, १९७६ मध्ये, हा आकडा ५२ वर आला. नवं औषध सापडलं नव्हतं. सरूबाई, मुक्ताबाई, ललनबाई अशा बाया घरोघर फिरत होत्या, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय ठरलं, त्यामागच्या उदाहरणांमध्ये जामखेड धरलं जातं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. आज आपल्या प्रत्येक गावात जी आशाताई फिरते, तिच्या मागे ज्या प्रयोगांची परंपरा आहे त्यात जामखेडच्या त्या बाया पहिल्या रांगेत आहेत.

मुक्ताबाई पोळ यांची एक गोष्ट सांगतात. अमेरिकेत मोठ्या परिषदेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. वर मोठमोठी झुंबरं. त्या म्हणाल्या त्याचा अर्थ असा: हे झुंबर म्हणजे तुमचे मोठे डॉक्टर, सुंदर आणि महाग, पण ते दुसरा दिवा लावू शकत नाही. मी पणती आहे. माझ्यावर दुसरी लावता येते.

या सगळ्यात आरोळ्यांनी आपला ख्रिस्ती धर्म लपवला नाही, आणि कुणाला तो घ्यायलाही लावला नाही. मदतीला अट नव्हती. त्यामुळे गावातला वारकरीही त्यांच्याबरोबर उभा राहिला आणि मुसलमानही.

आपल्याच जिल्ह्यातलं आणखी एक नाव. फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू. नगर-संगमनेर भागातल्या उघड्या माळांवर त्यांनी पाणलोटाची कामं उभी केली. पैसा जर्मनीतून आला, पण गावानं आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, मगच पुढचं काम, अशी शिस्त. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी पाहून या, लोक सांगतील. तिथेही तेच: बाहेरचा पैसा बांध घालू शकतो, पण बांधावर शेळ्या चढू नयेत हे गावातलाच माणूस बघू शकतो.

आणि अगदी कालपरवाचं. २०२० मध्ये कोरोना आला. सुरुवातीचे रुग्ण म्हणजे शेजारीही दार लावून घ्यायचे. तेव्हा नगरला मुक्तिफौजेचं जुनं बूथ हॉस्पिटल पुढे आलं आणि जिल्ह्यातल्या कोरोना रुग्णांवर तिथे मोफत उपचार झाले. तेव्हा मी बातम्या करत होतो. शहरातले सगळ्या जातिधर्माचे लोक त्या हॉस्पिटलला काय हवं नको ते पोहोचवत होते. त्या दोन-तीन महिन्यांत 'हे कोणाचं हॉस्पिटल' असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय ही पोस्ट अर्धवट आणि खोटी होईल.

आमच्या गावात चर्च छोटं आहे, साठेक कुटुंबं. त्यातल्या सात-आठ बायांचा एक गट दर गुरुवारी बाहेर पडायचा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, पिठाचा डबा बघायचा, हयातीचा दाखला राहिला असेल तर रिक्षात घालून न्यायचं. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर संध्याकाळी पोरांना जमवून पाढे आणि बाराखडी. घरं ठरलेली, नावं पाठ. त्या घरांत ख्रिस्ती फार थोडे होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मला एक फोन आला. "कोप्यांवर पोरांना गोळा करून धर्मांतर चाललंय." मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो. पानं भरायची होती, संध्याकाळ झाली होती. मी जाऊन बघितलं नाही. दोन कॉलम बातमी दिली, मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं. आमच्या डिप्लोमाला शिकवलेलं होतं, की खात्री नसेल तर विचारा. मी शिकलो होतो ते वेगळंच: खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका.

दुसऱ्या दिवशी कोप्यांवर बायांना अडवलं गेलं. मारहाण वगैरे काही झाली नाही. फक्त "उगाच भानगड नको, येऊ नका" एवढंच. त्या हंगामात वर्ग बंद पडला, पुढच्या हंगामातही. गुरुवारच्या घरांवरही लोक विचारायला लागले, तुम्ही का येता? तुमचा फायदा काय? सात-आठ बाया होत्या, त्यातल्या निम्म्या घरी बसल्या. सुनेनं, मुलानं सांगितलं, कशाला वाईटपणा घेता.

मला हे कळलं दोन वर्षांनी, एका वेगळ्याच बातमीच्या निमित्तानं कोप्यांवर गेलो तेव्हा. दहा-अकरा वर्षांची एक पोरगी लहान भावाला कडेवर घेऊन उभी होती. मला म्हणाली, "तुम्ही शिकवायला आलात का? आधी एक बाई यायच्या. माझा सातपर्यंत पाढा झालाय." बस, एवढंच. आठचा पाढा माझ्या प्रश्नचिन्हाखाली अडकला होता.

त्या संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा केला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही प्रश्न छापला. चांगलं केलं. पण उत्तर घ्यायला आला असतात तर बरं झालं असतं."

आज सगळा इतिहास समोर ठेवल्यावर मला त्या बायांच्या कामाची किंमत कळते. दोनशे वर्षांत आपल्या भागात जे टिकलं ते नेमकं असंच होतं. घरं ठरलेली. नावं पाठ. वार ठरलेला. अट काही नाही. आणि जमेल तिथे मदत घेणाऱ्यालाच मदत करणारा करायचं. जे विरलं ते ब्लँकेटसारखं होतं, एकदा दिलं आणि फोटो काढून निघून आलं. परदेशातून आलेला पैसा असो की आपल्या नगरसेवकाचा, नियम तोच.

चर्चमधल्या माझ्या मित्रांनाही थोडं बोलतो, रागावू नका. तुमच्या घरातही जात पूर्ण गेलेली नाही, हे तुम्हीच खासगीत सांगता. जुन्या मिळकतींचे वाद, कमिटीच्या निवडणुका, कोर्टाच्या तारखा, यात तुमची किती शक्ती जाते ते मी बातम्यांमुळे बघतो. टिळकांनी पगार सोडला, आरोळ्यांनी दवाखान्याच्या भिंती सोडल्या. तुम्ही निदान गुरुवारचे दोन तास सोडा. आणि शंका घेणाऱ्या मित्रांनो, शंका जरूर घ्या. पण माझ्यासारखी घरी बसून घेऊ नका. एक गुरुवार सोबत चला आणि डोळ्यांनी बघा.

कारण आता मावशी अडुसष्टच्या आहेत. गुडघे गेलेत. गटात तीन बाया उरल्यात, घरं मात्र एकवीस झालीत. पोरं पुण्याला, म्हातारी इथे, हे आता सगळ्याच जातिधर्मांचं झालंय. परवा फोनवर शेवटी मावशी म्हणाल्या, "आमच्यातलेच यावेत असं नाही. मंदिरातले या, मशिदीतले या, कुठेच न जाणारे या. फक्त गुरुवार चुकवू नका. त्या वाट बघतात."

म्हणून गेल्या गुरुवारी मी गेलो. आधी तहसीलला त्या पेन्शनचं विचारलं. बँक खात्याला आधार जोडायचं राहिलं होतं, दोन चकरांचं काम. बातमी नाही झाली, काम झालं. मग मावशींसोबत चार घरं केली. एका आजोबांची नखं कापायचं काम माझ्याकडे आलं. मी आयुष्यात दुसऱ्याची नखं कापली नव्हती, मुलाचीसुद्धा नाही. हात थरथरत होता. आजोबा म्हणाले, "सावकाश. मला कुठे जायचंय."

येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता चर्चच्या फाटकापाशी आम्ही चौघं असू. एकवीस घरं आहेत. ज्याला यायचंय त्याने या. कॅमेरा नको, नेलकटर आणा.